पुसला तरी परत येणारा मदतनीस

लोणी,
१९ जानेवारी

सूरज,

आशीर्वाद आहेतच. ते दरवेळी वरच्या ओळीत लिहून कागद कशाला अडवायचा?

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला वेळ नसतो, तेव्हा आपलं दोघांचं बरं जुळतं. म्हणून हे पत्र. मी बोलते, तुझी हर्षालीकाकू लिहिते. ती माझं बोलणं धुऊन, पिळून, इस्त्री करून कागदावर घालते. कुठं चुरगळलेलं राहिलं तर ते माझं समज.

दिवाळीत तू तुझा जुना कॉम्प्युटर आणून आमच्या उरावर बसवलास. "काकूला ब्लाउजचे नमुने बघता येतील, आजी, तुला माझं तोंड बघता येईल," म्हणालास. प्लगाची धड जागा एकच, तीही सैपाकघरात. म्हणून तो ओट्यासमोर बसला. तेव्हापासून मी भाकरी थापते आणि त्याच्या डोक्यावरचा एकडोळ्या कॅमेरा माझ्याकडं टक लावून बघतो. तुझ्या आज्यानं उभ्या जन्मात एवढं बघितलं नाही. तुझं तोंड मात्र त्यात अजून एकदाच दिसलं, तेही अर्धं. कपाळ दिसलं, बाकीचा मीटिंगला गेला होता.

तर परवा हर्षाली बाह्यांचे नमुने बघत असताना पडद्यावर लाल चौकट आली. तिनं वाचून दाखवलं. 'होमहेल्पर' नावाची कुणीतरी फाइल आत बसली आहे आणि ती संशयित आहे. मी म्हटलं, हेल्पर म्हणजे काय गं? म्हणाली, मदतनीस. वा! घरात मदतनीस आहे आणि भांडी अजून मीच घासते.

हर्षालीनं 'काढून टाका'वर बोट दाबलं. तर मशीन म्हणतं, ही फाइल दुसरीकडे उघडी आहे, म्हणून काढता येत नाही. दुसरीकडे म्हणजे कुठं? ते काही मशीन सांगेना. लई पोचलेलं आहे.

तू या मशीनचा डॉक्टर ना? मग औषध लिहून पाठव. फोनवर सांगू नको, उडून जातं.

आणखी एक. संक्रांतीला मी गुळाची पोळी खाल्ली. मला साखर आहे हे मला माहीत आहे, तरी खाल्ली. दिवेलागणीच्या आत तुझ्या बापाचा तुझ्या गोरखकाकाला फोन. "आईनं पोळी का खाल्ली?" इथून पुण्यापर्यंत वास गेला का रे?

तुझी आजी,
चिमाबाई

---

पुणे,
२५ जानेवारी

आजीस साष्टांग नमस्कार,

तुझं पत्र आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं. पाकिटावर 'कॉम्प्युटरचे डॉक्टर' असं लिहिलं होतं. काकू, तुम्हीसुद्धा? आता सगळे मला डॉक्टर म्हणतात आणि खोकून दाखवतात.

घाबरण्यासारखं काहीही नाही. तो लाल चौकटवाला प्रोग्राम जरा भित्रा असतो, कशालाही संशयित म्हणतो. तरी तुमचं समाधान व्हावं म्हणून उपाय देतो. मशीन बंद करून पुन्हा चालू करा. मग काकूंनी ती फाइल धरून कचऱ्याच्या डब्यात टाकावी आणि डबा रिकामा करावा. तरी नाही गेली तर राहू द्या. मांजरासारखी आहे, कुणाला चावत नाही.

बाबांचं म्हणशील तर त्यांना काळजी वाटते. तू चुलीजवळ बसल्या बसल्या डुलक्या घेतेस, पदर खाली लोंबत असतो. इथं आलीस तर लिफ्ट आहे, दवाखाना खाली उतरला की समोर. बाबा शिवरात्र झाली की न्यायला येणार आहेत. तू हट्ट करू नकोस.

तुझा,
सूरज

---

लोणी,
३ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

तुमचं औषध दिलं. रोगी ठणठणीत आहे. म्हणजे रोगच ठणठणीत आहे.

हर्षालीनं मदतनिसाला डब्यात टाकलं, डबा रिकामा केला. जेवणं उरकून बघितलं तर परत जागेवर! पुन्हा टाकला, पुन्हा हजर. मग ती मशीन घेऊन मंचरला गेली. तिथं पारसमल शेठचं कापडाचं दुकान होतं ना, ज्यांनी तुझ्या बारशाच्या कुंचीचं कापड दिलं? तिथं आता त्यांचा नातू अरिहंत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आजा मापून द्यायचा, नातू पुसून देतो. त्यानं मदतनिसाला पकडून आत एका पिंजऱ्यात घातला. पिंजराच म्हणाला, मी नाही. म्हणाला, "चिमाआजीला सांगा, आता हा बाहेर येत न्हाई."

घरी आणला, इंटरनेटची वायर लावली, आणि संध्याकाळच्या आत पिंजरा रिकामा.

अरे, हे तर बिबट्याचं झालं. मागं आपल्या उसात पकडला, फॉरेस्टवाल्यांनी गाडीत घालून लांब घाटात नेऊन सोडला, आपण नारळ फोडला, आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या कुशाबाईचं कुत्रं गेलं. कुशाबाई म्हणाली, तोच आहे, मी त्याला चालीवरून ओळखते. फॉरेस्टवाले म्हणाले, दुसरा आहे. त्यांचा बिबट्या कधी परत येत नाही, दरवेळी दुसराच असतो.

अरिहंत म्हणतो, आता सगळं मशीन धुऊन काढावं लागेल. धुवायचं का? विचारून कळव. हर्षालीचे नमुने त्यात आहेत.

आता तुझ्या बापाच्या बोलावण्याचं. माझी डुलकी त्याला कुणी सांगितली? लोंबता पदर कुणी सांगितला? घरात माणसं तीन. मी माझी चुगली करणार नाही. गोरखला मी काय खाल्लं ते विचारशील तर त्याला स्वतः काय खाल्लं तेही आठवत नाही. मग राहिलं कोण? जिच्या हातात या वेळी पेन आहे ती.

(आत्या, हे मी लिहिणार नाही.)

लिही म्हटलं. कर नाही त्याला डर कशाला?

(लिहिलं.)

मी इथून हलणार नाही, सूरज. माझी दारातली चिंच, माझी गाय, माझ्या भांडणाच्या बायका, सगळं इथं आहे. पुण्याला मी भांडू कुणाशी? लिफ्टशी? पण घरातच वाटाड्या असेल तर बिबट्याला काय दोष द्यायचा. परवापासून मी माझी भाकरी वेगळी थापते. सुनेनं थापलेली खाल्ली तर किती खाल्ली तेही पुण्याला कळायचं.

चिमाबाई

---

लोणी,
५ फेब्रुवारी

सूरज,

हे पत्र आत्यांनी सांगितलेलं नाही. त्या कुशाबाईंकडे गेल्या आहेत, माझी तक्रार करायला. तिथून येईपर्यंत माझे आणखी दोन दोष सापडलेले असतील.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. भाऊजींचा फोन यांना येतो, मला नाही. लग्न करून मढहून या घरात आले तेव्हा मला चूल धड पेटवता येत नव्हती. आत्यांनी शिव्या देत देत सगळं शिकवलं. इतकी वर्षं आमची भांडणं झाली, पण ताट एक होतं. आता त्या ओट्याच्या त्या टोकाला एकट्या भाकरी थापतात आणि मी या टोकाला. मध्ये तुझं मशीन. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत, स्वतः उठून घेतात. आणि माझ्याच हातानं माझ्यावरचा आळ लिहून घेतात, वर विचारतात, "शुद्ध लिहिलंस का?"

भाऊजींना कोण सांगतं ते तुला माहीत असेल तर एका ओळीत कळव. नाहीतर मी थोडे दिवस माहेरी जाऊन येते. मग त्यांना पत्रं कोण लिहून देणार, तेही बघते.

हर्षालीकाकू

---

पुणे,
११ फेब्रुवारी

आजीस नमस्कार,

काकू, तुमचं पत्र मिळालं. तुम्ही माहेरी जाऊ नका. सगळं ठीक होईल, थोडं सोसा. (हे आजीला वाचून दाखवू नका.)

आजी, काकूंवर उगाच आळ घेऊ नकोस. त्यांनी काही सांगितलेलं नाही, हे मी खात्रीनं सांगतो. तू त्यांच्याशी बोलत नाहीस, भाकरी वेगळी करतेस, हे बघवत नाही. म्हणजे ऐकवत नाही.

मशीन धुवायला मुळीच देऊ नका. अरिहंतला म्हणावं, हात लावू नकोस, ती फाइल मशीनच्या आतलीच आहे, काढली तर मशीन बंद पडेल. लाल चौकट आली की बाजूला सारा, झालं.

आणि आजी, एक विनवणी. ती गुळाची बरणी वरच्या फळीवर तांदळाच्या डब्याच्या मागं ठेवली आहेस, त्यासाठी स्टुलावर चढत जाऊ नकोस. त्याचा एक पाय लुळा आहे. पडलीस तर? या वयात खुबा मोडला म्हणजे संपलं. म्हणूनच म्हणतो, इथं ये.

तुझा,
सूरज

---

लोणी,
१७ फेब्रुवारी

चिरंजीव सूरज,

तुझं पत्र वाचलं. फार आनंद झाला. किती रे काळजी करतोस.

मशीनचं म्हणशील तर ते अगदी छान आहे. मदतनीस आतच राहू दे. बिचारा कुणाला त्रास देतो? आम्ही त्याला काढायचा नाद सोडला. रोज फडक्यानं डोळा पुसून स्वच्छ ठेवतो, म्हणजे त्यालाही बरं दिसेल.

पुण्याला यायचं म्हणतोस तर बघू. लिफ्ट मला आवडते.

सोनीचे दिवस भरत आले. कास उतरली आहे. तू लॉकडाऊनमध्ये बाटलीनं दूध पाजलेली कालवड ती, आता आई होणार. बाकी सगळं क्षेम.

तुझी प्रेमळ आजी,
चिमाबाई

(सूरज, 'प्रेमळ' आत्यांनीच घालायला सांगितलं. मी दोनदा विचारलं. – हर्षालीकाकू)

---

पुणे,
२२ फेब्रुवारी, घाईत

आजी,

गोरखकाका फोन उचलत नाहीत, काकूंचा बंद लागतो. मार्केट यार्डात लोणीचा टेम्पो उभा आहे, त्याच्याबरोबर ही चिठ्ठी देतोय.

सोनीला विकू नका! बेल्ह्याच्या बाजारात नेऊ नका! गाभण गाय अशी कुणी विकतं का? आणि त्या माणसाला तर मुळीच नको, ज्यानं डोक्याला लाल फेटा बांधला होता आणि काकूंनी दिलेला चहा बशीत ओतून फुर्र फुर्र प्यायला. दलाल दिसतो. रुमालाखाली तू त्याचा हात धरून मान डोलावलीस, म्हणजे सौदा ठरला का? भाव काय ठरला? मी जास्त देतो. बाबांना सांगून पैसे पाठवतो. पुण्याला येण्यासाठी सोनी विकायची काहीच गरज नव्हती, मी असं कधी म्हटलं होतं का?

मी येईपर्यंत तिचं दावं सोडू नका.

सूरज

---

लोणी,
२४ फेब्रुवारी

सूरज,

पिंजरा पडला. आत कोण आहे ते बघितलं. शेपूट ओळखीचं निघालं.

आता नीट बस आणि ऐक. घाई करू नको, तुझी सोनी गोठ्यात आहे आणि तुझ्यापेक्षा शांत आहे.

तुझं ते बरणीचं पत्र हर्षाली वाचत होती. कंसातलं तिनं आधीच वाचून दाखवलं होतं, तू नको लिहिलंस म्हणून मुद्दाम. 'तांदळाच्या डब्याच्या मागं' इथवर आली आणि थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्या, कुठली बरणी?" आता बघ, ती बरणी मी तिच्यापासूनच लपवली होती. ती रानात कांद्यात होती तेव्हा मी स्टूल लावलं, एकटीनं. जिला बरणीच माहीत नाही ती पुण्याला काय कळवणार? मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मग आम्ही दोघींनी तिसऱ्याकडं बघितलं. तो एक डोळा उघडा ठेवून बसला होता.

मला अक्षर कळत नाही, सूरज, पण माग कळतो. अरिहंतकडं मशीनला इंटरनेटची वायर नव्हती, तिथं मदतनीस पिंजऱ्यात गप पडून राहिला. घरी वायर लावली की बाहेर. म्हणजे तो घरचा नव्हे, बाहेरून येतो. आणि फाइल 'दुसरीकडे उघडी' आहे हे मशीन पहिल्या दिवसापासून ओरडत होतं. आम्हीच दुसरीकडे शोधत बसलो. माझी 'दुसरीकडे' तर घरातच निघाली होती, पेन धरून बसलेली.

पण नुसता माग काढून भागत नाही. फॉरेस्टवाले म्हणतात, पिंजऱ्यात शेळी बांधल्याशिवाय जनावर येत नाही. तुझ्यासाठी शेळी कुठली बांधावी? गुळाला तू बापाला पुढं करतोस, डुलकीला पत्र लिहितोस. धावत यावंस असं एकच, सोनी.

म्हणून ओट्यासमोर बाजार भरवला. लाल फेट्यातला दलाल म्हणजे तुझा काका. मिशी कोळशाची होती, चहा पिताना अर्धी बशीत उतरली, हर्षाली हसू दाबता दाबता चूल फुंकायला बसली. आणि तू काकाला ओळखलं नाहीस! एवढा मोठा डोळा लावून चुलता ओळखू येत नाही, आणि आजी गूळ किती खाते ते मोजतोस. आम्ही रुमाल टाकला, त्याखाली बोटं धरली. तुझ्या आज्यानं मला अ आ शिकवलं नाही, पण रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप ठरवायचा भाव शिकवला होता, बेल्ह्याच्या बाजारात बसून. मी गोरखचं एक बोट दाबलं आणि जोरात म्हटलं, "द्या पावणं, लेकाकडं चाललेय, गाईचं काय लोणचं घालू?" बाकी फोन बंद ठेवायचे एवढंच काम होतं.

चिठ्ठी टेम्पोनं आली. हर्षालीनं वाचली. 'फुर्र फुर्र'ला गोरख लाजला.

तो म्हणतो, "आई, पोरगं काळजीनं करतंय, जाऊ दे." काळजी असेल, नाही कुठं म्हणते? पण काळजी करणाऱ्यानं दार वाजवून यावं. भिंतीला भोक पाडून बघतो त्याला आमच्या गावात वेगळं नाव आहे, ते हर्षाली लिहायला नाही म्हणते. आम्ही पुसत होतो आणि तू तिथून परत घालत होतास, वर औषधंही लिहून देत होतास. खरा डॉक्टर हो! आणि तिचं पत्र आल्यावरही तू तिला 'थोडं सोसा' म्हणालास. ती मढची गाडी धरायला निघाली होती, सूरज. गेली असती तर मशीननं भाकरी केली असती का?

आता ऐक काय ठरलं ते.

तुझ्या बापाला शिवरात्रीनंतर गाडी काढू नको म्हणावं. चुगली कुणाची ते तूच त्याला सांग, तुझ्या तोंडानं, मीटिंग नसेल तेव्हा. मग त्याला काय वाटायचं ते वाटू दे. मला न्यायचं असेल तर मला विचारून न्यायचं, माझी डुलकी मोजून नाही.

मदतनीस अरिहंत काढणार नाही, हर्षालीही काढणार नाही. बिबट्या ज्यानं सोडला त्यानंच न्यावा. तू इथं यायचंस, काकूच्या समोर बसायचंस, तिच्या डोळ्यांदेखत तो काढायचास, आणि तिनं 'गेला' म्हटल्याशिवाय उठायचं नाहीस. तिची माफी कशी मागायची ते मी शिकवणार नाही. माझं मी कसं केलं तेवढं सांगते. काल तिच्या टोकाला जाऊन बसले आणि म्हटलं, "वाढ." तिनं वाढलं. भाकरी कच्ची होती. मी तसं म्हणाले. ती म्हणाली, "मग उद्या तुम्हीच थापा, आत्या." झालं, घर पुन्हा चालू.

तोवर वायर काढलेली आहे. आणि ज्या रुमालाखाली सोनीचा सौदा झाला तोच रुमाल त्या डोळ्यावर टाकला आहे. तू भाव विचारलास. अरे, रुमालाखालचा भाव लांबून बघणाऱ्याला कधी कळतो का? तो दोघांनाच कळतो, ज्यांचे हात आत असतात त्यांना. तुला आजी कशी आहे, काय खाते, पडते की उठते हे जाणून घ्यायचं असेल तर ये. रुमाल उचलू नको. नुसता हात आत घाल. मी बोट दाबून सांगते.

सोनी आज पहाटे व्याली. कालवड आहे. कपाळावर पांढरा ठिपका. हे तुला दिसलं नाही, म्हणून कळवते.

चिमाबाई

(भाकरी कच्ची नव्हती. – हर्षालीकाकू)